शिरोरेषेतली खिंडारं

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. पहिल्या दिवशी नुसतं वाचलं, दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसलो. मजकूर जेमतेम पाच ओळींचा: लॅमी २००० हे जर्मन शाईपेन घेतलं, त्यासाठी बरेच महिने पैसे साठवले होते, आणि आता ते मधेच उठत नाही, तर निब थोडी घासून घेऊ का? बरं झालं, हे सगळं तू त्याच पेनाने लिहून पाठवलंस. फोनवर विचारलं असतंस तर मी बहुधा चुकीचं उत्तर देऊन मोकळा झालो असतो.

भिंगातून काय दिसलं ते सांगतो. तुझा एकही काना तुटलेला नाही. वेलांट्या सलग आहेत, 'ळ'ची दोन्ही वाटोळी भरदार आली आहेत. खिंडारं पडली आहेत ती फक्त शिरोरेषेत, आणि तीसुद्धा लांब शब्दांवर, शेवटच्या दोन-तीन अक्षरांपाशी. शाई कमी उतरत असती तर सगळंच लिखाण फिकं झालं असतं. निबचं टोक फाजील घोटलेलं असतं, तर जवळजवळ प्रत्येक रेघेची सुरुवात कोरी गेली असती, कारण अशा टोकाच्या दोन पात्यांमधल्या चिरेच्या आतल्या कडा गोल होऊन कागदाला टेकतच नाहीत. तुझ्या पानावर या दोन्हींतलं काही नाही.

मग होतंय काय? अक्षरं लिहून झाली की तू शब्दावर एका दमात रेघ ओढतेस. कोपर जागचं हलत नाही, नुसतं मनगट उजवीकडे वळतं. त्याबरोबर बोटांतलं पेन स्वतःभोवती किंचित फिरतं आणि निबचं एक पातं कागदावरून उचललं जातं. शाई दोन पात्यांमधल्या चिरेतून खाली येते, आणि ती चीर कागदाला लागली तरच पुढे सरकते. पातं उचललं की शाई चिरेत थांबून राहते. वर्षानुवर्षं बॉलपेनाने लिहिलेल्या हाताला हे कळायचं काही कारणच नव्हतं. बॉलपेनाला सगळ्या दिशा सारख्या, गोळी कशीही फिरते. ती शाई घट्ट, म्हणून आपण दाबून आणि पेन उभं धरून लिहायला शिकतो. शाईपेनाला दाब नको असतो. त्याला उतार हवा असतो आणि तोंड सरळ हवं असतं.

यात तुझ्या पेनाचाही थोडा हात आहे, तो लपवत नाही. हे पेन १९६६ साली बाजारात आलं. रेखाटन गेर्ड आल्फ्रेड म्यूलरचं. त्याआधी तो ब्राउन कंपनीसाठी दाढीची यंत्रं आणि स्वयंपाकघरातली उपकरणं घडवत होता, आणि ते या पेनाकडे पाहिलं की कळतं: कुठे सोनेरी कडं नाही, नक्षी नाही, काळ्या माक्रोलॉनचं अंग आणि मॅट पोलाद, बस्स. माक्रोलॉन म्हणजे पॉलीकार्बोनेट, यात काचतंतू मिसळलेलं. निब १४ कॅरट सोन्याची, पण तीही प्लॅटिनमच्या मुलाम्याखाली झाकलेली, आणि वर बहुतेक सगळी पोलादी पकडीच्या आत दडवलेली. निब झाकायची कल्पना त्याच्याही आधीची. १९४१मध्ये बाजारात आलेल्या पार्कर ५१ने ती रूढ केली, शाई निबवर वाळू नये म्हणून. पण झाकलेल्या निबची एक अडचण असते. ती कुठे तोंड करून आहे हे लिहिताना डोळ्यांना नीट दिसत नाही. त्यात पकड पूर्ण गोल. लॅमीच्याच १९८०च्या सफारी पेनाला पकडीवर दोन सपाट बाजू आहेत, बोटं आपोआप जागेवर बसतात. तुझ्या पेनात बोटांना सांगणारं असं काहीच नाही. दिसायला देखणं, पण नवख्याला जरा कठोर. मला ते तरीही आवडतं.

उपाय सोपा आहे. लिहिताना टोपण मागे लाव, आणि लावताना त्याची क्लिप निबच्या बरोबर रेषेत आण. आता क्लिप आकाशाकडे बघते आहे की नाही एवढंच मधूनमधून पाहायचं. ती कलली म्हणजे निब कलली. दुसरं, शिरोरेषा मनगटाने न ओढता कोपरापासून अख्खा हात सरकवून ओढ. पहिले काही दिवस अक्षर पाटीवर गिरवल्यासारखं बेंगरूळ येईल, येऊ दे. लांब शब्द असला तर रेघ दोन तुकड्यांत ओढली तरी कुणी फाशी देत नाही.

आणि निब घासायचं म्हणशील तर माझी कथा ऐक. तुझ्या वयाचा असताना माझ्याकडे एक बरं पेन होतं. ते खरखरतं असं माझ्या मनाने घेतलं. एका दुपारी बारीक पॉलिशपेपरवर इंग्रजी आठाचे आकडे काढत बसलो. दहा झाले, बरं वाटलं. मग आणखी पन्नास. संध्याकाळपर्यंत टोक असं गुळगुळीत झालं की कागदावर घसरायचं आणि शाई सोडायचं नाही. सोन्याची निब मऊ असते, म्हणून तिच्या टोकावर कठीण धातूचा एक कण जोडलेला असतो. त्याला सगळे सवयीने इरिडियम म्हणतात, जरी आजकालच्या कणात इरिडियम असेलच असं नाही. तो कण घासला की परत येत नाही. महिनाभराने कळलं की खरखर कागदाची होती.

कागदाचं तुलाही पाहावं लागेल. तुझं पत्र ज्या कागदावर आहे त्यावर शाई फुटली आहे, अक्षरांच्या कडांना केस आल्यासारखे दिसतात. जाड कागद घेतला की काम झालं असं समजू नकोस. जाडीपेक्षा कागदावर खळीचा हात कसा फिरलाय ते महत्त्वाचं. टोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद चौरस मीटरला ५२ ग्रॅमचा, पलीकडचं दिसेल इतका पातळ, तरी शाई फुटत नाही आणि मागे उतरत नाही. मात्र त्यावर शाई वाळायला वेळ लागतो, तेव्हा टीपकागद जवळ ठेव.

तुझी निब मीडियम आहे ना? मला विचारून घेतली असतीस तर फाइन घे म्हटलं असतं. रोमन लिपीला मीडियम चालते, तिथे अक्षरांच्या पोटात मोकळी जागा असते. आपल्या 'द्ध', 'क्ष', 'ष्ट्य'मध्ये जागा कुठे असते? शिवाय जर्मन निबा जपानी निबांपेक्षा एक माप रुंद चालतात. तिकडची फाइन म्हणजे जपान्यांची जवळजवळ मीडियम. आता घेतलीच आहेस तर अक्षर थोडं मोठं काढ. किरट्या अक्षराला ही निब न्याय देणार नाही, जोडाक्षरांचे डाग होतील.

शाईचं मात्र कडक सांगतो. फाउंटन पेनाची म्हणून मिळते तीच शाई भर. चित्रकलेची काळी शाई कधीही नको. तिच्यात काजळी आणि बहुधा लाख असते, ती वाळली की निबखालच्या जिभेच्या बारीक खाचा कायमच्या बुजतात. त्या खाचांतून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर टाकीत जाते. ही देवाणघेवाण थांबली की पेन मेलं. लोहयुक्त निळी-काळी शाई चालेल, तिच्यातलं लोह हवेने काळं पडून कागदात घट्ट बसतं, पण ती पेनात वाळू द्यायची नाही. जपून ठेवायच्या लिखाणाला नुसती निळी धुऊन जाणारी शाई नको. पाण्याचा एक थेंब पुरतो, आणि उन्हात ती उडतेही.

भरताना निबचं टोक बुडवून भागत नाही. पकडीच्या खालच्या अंगाला छोटं छिद्र आहे, ते शाईखाली गेलं पाहिजे, नाहीतर पिस्टन, म्हणजे शाई ओढणारा आतला दट्ट्या, हवा ओढतो आणि तू म्हणतेस पेन अर्धंच भरतं. भरल्यावर दोन-तीन थेंब परत दौतीत सोड, निब वर करून पिस्टन पूर्ण मागे घे, मग पूस. या पेनात शाईचं तयार काडतूस लागत नाही, कन्व्हर्टर म्हणजे शाई ओढायची सुटी नळीही लागत नाही. पेनाची अख्खी नळीच टाकी आहे. शाई किती उरली ते अंगावरच्या त्या उभ्या फटींतून दिसतं. पाव टाकी राहिली की भरून टाक. रिकाम्या टाकीतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईला पुढे ढकलते, मग टपकन डाग पडतो.

धुणं महिन्या-दीड महिन्यातून, किंवा शाई बदलताना. साधं गार पाणी, पिस्टन वर-खाली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाणी नको, स्पिरिट तर नकोच.

दोन आठवडे रोज एक पान लिही. काय लिहायचं हा प्रश्न मला विचारू नकोस, हिशोब लिहिलास तरी चालेल. पेन डबीत घालून ठेवायचं मात्र नाही. दोन आठवड्यांनी एक पान मला पाठव, लांब शब्द मुद्दाम घालून. तेव्हाही खिंडारं दिसली, तर निब जाणत्या माणसाच्या हाती देऊ आणि पाती सरळ आहेत का ते पाहू. तोवर तिला हात लावायचा नाही.

तुझा,
काका

ता. क. पकडीच्या वर जे दोन इवलेसे धातूचे कान बोटाला टोचतात म्हणून लिहिलंस, ते टोपण धरून ठेवण्यासाठी आहेत. बोटं थोडी मागेपुढे धर, टोचणार नाहीत. आणि पुढचा भाग फिरवून उघडायचा मोह झालाच, तर खाली टॉवेल पसर. ते कान ज्या कड्याला आहेत ते कडं सुटं निघतं आणि मोरीत गेलं की गेलं.