सत्र न्यायालयाने निर्दोष माणसाला शिक्षा दिली, तर पुढे काय करता येतं?

भावाला सत्र न्यायालयाने ७ वर्षांची सक्तमजुरी दिली, तो निर्दोष आहे, तर राज्यपालांकडे दयेचा अर्ज करावा का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यात नको. आधी उच्च न्यायालयात अपील.

मुदत शिक्षेच्या तारखेपासून ६० दिवस. निकालाची प्रमाणित प्रत मिळेपर्यंत गेलेले दिवस त्यातून वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज लगेच टाका. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण कारण पटण्यासारखं हवं. तुरुंगातल्या माणसाला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अपीलही तुरुंग अधीक्षकांमार्फत पाठवता येतं.

अपिलासोबतच शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४३०, पूर्वीचं ३८९). अपील सुनावणीला यायला अनेकदा वर्षं जातात. हा अर्ज राहिला तर निर्दोष ठरेपर्यंत शिक्षा भोगूनही झालेली असते.

अपिलात ‘भाऊ तसा नाही’ याला फारशी किंमत नसते. सगळं खालच्या कोर्टाच्या कागदांवर चालतं, तेव्हा साक्षी, पंचनामे आणि आरोपीचा जबाब स्वतः वाचा. समजा, साक्षीदार कोर्टात म्हणाला, ‘मी वार करताना पाहिलं’, आणि पोलिसांपुढच्या जबाबात ते वाक्यच नाही. ही तफावत उलटतपासणीत साक्षीदारापुढे ठेवलेली आणि तपास अधिकाऱ्याकडून वदवून घेतलेली असेल, तरच अपिलात कामाला येते. कित्येक चांगली अपिलं इथेच लंगडी पडतात. दुसरं, निकालात ज्या मुद्द्यावर भर आहे तो न्यायाधीशांनी आरोपीला जबाबाच्या वेळी (कलम ३५१, पूर्वीचं ३१३) विचारला होता का? नसेल आणि त्यामुळे बचावाचं नुकसान झालं असेल, तर तो मुद्दा बाजूला ठेवायला सांगता येतं. मुद्देमाल कधी सील झाला, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुणाच्या ताब्यात होता, हेही तपासा. नवा पुरावा हाती आला असेल तर कलम ४३२ खाली वेगळा अर्ज लागतो. मात्र तो आधी का दिला नाही, हे पहिल्यांदा विचारलं जाईल.

दोष कायम राहिलाच तर निदान सौम्य कलम लावावं किंवा शिक्षा कमी करावी, ही पर्यायी मागणी अपिलातच लिहून ठेवा. कायद्याने किमान शिक्षा ठरवलेली असेल तर न्यायालय त्याखाली जाऊ शकत नाही. कच्च्या कैदेतले दिवस वजा होतात. निकालपत्रात तो हिशेब पडताळा.

सरकारने शिक्षेत सूट दिली तरी तुरुंगवास तेवढा कमी होतो, दोषाचा शिक्का तसाच राहतो. शिक्षेच्या स्थगितीचंही तेच. भाऊ सरकारी नोकरीत असेल तर दोषसिद्धीलाच स्थगिती मिळावी म्हणून स्वतंत्रपणे मागणी करावी लागते, आणि ती न्यायालयं फार क्वचित मान्य करतात.