कोणती फुलझाडं लावली म्हणजे बाल्कनीत मधमाश्या येणार नाहीत? शेजारी सारखे तक्रार करतात.

येऊच नयेत असं वाटत असेल तर नेचे लावा, मनीप्लांट लावा, नुसत्या पानांची झाडं लावा. फुलंच हवी असतील तर भरगच्च पाकळ्यांची, 'डबल' म्हणून मिळतात ती घ्या. त्यांत बऱ्याचशा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, पराग नावापुरता. माशी एक घिरटी घालते आणि निघून जाते. झालं तुमचं उत्तर. पण 'शेजारी तक्रार करतात' हे वाचलं आणि मला राहवेना.

चार वर्षं झाली. थंडी नुकतीच सरली होती. कुंडीतल्या लिंबाला पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या, त्यामुळे मी दिवसातून दहा वेळा बाल्कनीत. एक दिवस अकराच्या सुमाराला पंखा कशाला तरी घासतोय असा आवाज यायला लागला. बाहेर येऊन बघते तर कठड्यापासून वरच्या मजल्यापर्यंत नुसत्या माश्याच माश्या. घाबरून दार लावलं. अर्ध्या तासाने काचेतून पाहिलं तर सगळं शांत, आणि कपडे वाळत घालायच्या दांडीला माश्यांचा घोस. सोललेल्या नारळाएवढा, पण जिवंत. माश्या एकमेकींच्या पायांना धरून लोंबत होत्या आणि मधूनच सगळ्या घोसावरून एक लहर जायची, वाऱ्याने गवतावरून जाते तशी. मी स्टूल ओढून तासभर बघत बसले.

मग शेजारचे काका आले. आमच्या बाल्कन्यांत मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. काका वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी काढून आलेत. पण त्या दिवशी हातात झुरळांच्या स्प्रेचा डबा होता. "वहिनी, तुम्ही आत व्हा, मी बघतो." मी म्हटलं, थांबा हो, त्या काही करत नाहीयेत. तेवढ्यात आमच्या ह्यांनी मला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं. सगळा डबा संपवला काकांनी.

संध्याकाळी फरशी झाडायला गेले. माश्या पाठीवर पडून गरगर फिरत होत्या. जवळून बघितलं तर प्रत्येकीची सोंड बाहेर आलेली, तांबूस, दोऱ्याच्या टोकासारखी. विष लागलं की सोंड अशी बाहेर येते हे मला नंतर कळलं. सुपलीत भरल्या तर सुपली जड लागली. इतक्याशा जिवांचं वजन हाताला जाणवेल असं कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी इमारतीची मीटिंग. विषय स्प्रेचा नाही, माझ्या कुंड्यांचा! "फुलं आहेत म्हणून माश्या आल्या" असं काका म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आठ कुंड्या गच्चीवर न्यायचं ठरलं. आमचे हे माझ्या बाजूलाच बसले होते, तोंडातून अवाक्षर नाही. उलट घरी येताना जिन्यात म्हणाले, "काका काही चुकीचं बोलले नाहीत."

तर आता नीट ऐका, तुमच्या शेजाऱ्यांनाही सांगा. थवा फुलांसाठी येत नाही. वसंतात वसाहत वाढते, पोळ्यात दाटी होते. मग जुनी राणी निम्म्याहून जास्त कामकरी माश्या घेऊन बाहेर पडते आणि मागचं घर लेकीला सोडते. बाहेर पडलेल्या माश्या कुठेतरी लटकून थांबतात, आणि त्यांतल्या काही घर शोधायला जातात. मार्टिन लिंडाऊअर नावाच्या संशोधकाने हे 1949 च्या वसंतात म्युनिकमध्ये पकडलं. लटकलेल्या थव्यावर काही माश्या नाचताना त्याला दिसल्या. माश्या नाचून एकमेकींना जागा सांगतात हे त्याच्या गुरूंनी, कार्ल फॉन फ्रिशांनी, शोधलं होतं (त्यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं). पण फुलांवरून येऊन नाचणाऱ्या माशीच्या अंगावर बरेचदा पराग असतो, आणि थव्यावरच्या ह्या माश्यांच्या अंगावर पराग नव्हता. कुणी काजळीने काळी, कुणी विटेच्या धुळीने लाल. युद्धात पडझड झालेलं शहर ते, माश्या धुरांड्यांत आणि भिंतींच्या भेगांत जागा बघून येत होत्या. फुलं शोधणारी माशी काजळीने कशाला माखेल? हे मी ह्यांना तीनदा वाचून दाखवलं आहे.

शिवाय घोसात लटकलेली माशी सहसा डसत नाही. निघताना पोटभर मध पिऊन निघालेली असते आणि तिथे राखायला ना अंडी ना पिल्लं. काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत, जागा ठरली की सगळा घोस आपणहून उठतो. म्हणजे तेवढा वेळ दार लावून चहा प्यायला असता तरी चाललं असतं.

त्याच उन्हाळ्यात काकांचा लाल भोपळा फळ धरेना. वेल मांडवभर पसरलेला, फुलं भरपूर, पण मादीफुलाखालची गोटीएवढी फळं पिवळी पडून गळायची. मला विचारतात, "वहिनी, खत कमी पडतंय का?" खत! सकाळी लवकर नरफूल तोडून, पाकळ्या काढून, त्यातला परागाचा दांडा मादीफुलात फिरवायला मी शिकवलं, कारण ते फूल ऊन चढलं की मिटतं. मनात काय काय आलं ते इथे लिहीत नाही. आता एका थव्यामुळे भोपळा गळला हे मला सिद्ध करता येणार नाही, ऊन फार झालं तरी फळ गळतंच. पण मी ते तेव्हा सिद्ध झाल्यासारखंच बोलले होते.

आणि गंमत ऐका. 20 मे, जागतिक मधमाशी दिन. इमारतीच्या ग्रुपवर सकाळीच काकांचा मेसेज: मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, इति आइन्स्टाइन. आइन्स्टाइन असं कुठेही म्हटल्याचा पुरावा नाही. आणि गहू, तांदूळ, मका यांना माशीची गरजही नाही. 2007 च्या एका मोठ्या आढाव्यात जगातल्या 115 प्रमुख पिकांपैकी 87 पिकांना परागीभवन करणाऱ्या प्राण्यांचा उपयोग होतो असं आलं होतं, ते पुरेसं गंभीर आहे. मी फक्त सुपलीचं चित्र टाकलं. कुणाला कळलं नाही.

काकांचं हल्ली नवीन म्हणणं असं की ते कीटकनाशक फुलांवर मारत नाहीत, गुलाबाच्या मुळाशी ओतून देतात. ते इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक असेल तर मुळातून वर चढतं आणि पराग-मकरंदात उतरतं. युरोपीय संघाने 2018 मध्ये ते आणि त्याची दोन भावंडं उघड्यावर वापरायला बंदी केली, ती काही उगीच नाही.

तुमच्यासाठी थोडं कामाचंही सांगते. माश्या रोज येत असतील तर बरेचदा फुलांपेक्षा पाण्याला येतात. गळका नळ दुरुस्त करा, कुंडीखालच्या बशा कोरड्या ठेवा. फुलाच्या कुंड्या दारापासून लांबच्या कोपऱ्यात सरकवा.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. मी वर लिहिलं ते पेटीत पाळतात तसल्या लहान माश्यांबद्दल. उंच सज्ज्याखाली एकच मोठं, उघडं, अर्धगोल पोळं लटकत असेल किंवा रात्री दिव्याला मोठ्या माश्या येऊन पडत असतील, तर ती आग्या माशी असू शकते. तिच्या वाटेला जाऊ नका, दगड-धूर तर मुळीच नको. घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर माझं कौतुक बाजूला ठेवा आणि जाणकार मधपाळाला बोलवा. आणि काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही हेही कबूल करते. वसंतात फुलं फुलतात म्हणूनच वसाहत वाढते आणि थवा सुटतो. पण ती किलोमीटर-दीड किलोमीटरच्या टापूतली सगळी फुलं. माझ्या आठ कुंड्या नव्हेत.

कुंड्या मी दुसऱ्या वर्षी एकेक करून खाली आणल्या, कुणी काही बोललं नाही. यंदा काकांच्या वेलाला नरफुलं ढीगभर आणि मादीफूल एकच. सकाळी सहाला भिंतीवरून हाक येते, मी ब्रश घेऊन जाते. थव्याचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. आमचे हे मात्र मागून चहाचा कप घेऊन येतात आणि अजून म्हणतात, "फुलं नसती तर आल्या असत्या का?"