लाल-पिवळ्या झेंड्याला घाबरायचं कशाला?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत कळंगुटला गेलो होतो. तिथे वाळूत अर्धे लाल अर्धे पिवळे असे दोन झेंडे लावलेले आणि त्यांच्या मधेच सगळी गर्दी. हे म्हणाले लाल आहे म्हणजे डेंजर, मग आम्ही पोरांना घेऊन जरा लांब, जिथे लाटा कमी होत्या तिथे उतरलो तर जीवरक्षक शिट्ट्या मारत धावत आला आणि आम्हालाच ओरडला. आमचं काय चुकलं?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, तो ओरडला ते बरंच झालं. मिस्टरांना फार बोलू नका, लाल रंग दिसला की निम्मी पब्लिक असंच करते. वर लाल खाली पिवळा अशा दोन झेंड्यांच्या मधला पट्टा म्हणजे जीवरक्षकांची नजर असलेली जागा, भिजायचं तर तिथेच भिजायचं. नुसता लाल असेल तर पोहायला जायचं नाही, आणि एकाच काठीवर लालखाली लाल असे दोन असतील तर समुद्र बंद, पाय ओले करायला पण नको. जांभळा दिसला तर पाण्यात जेलीफिश वगैरे आहेत समजायचं. गोव्यात 2008 पासून ‘दृष्टी’ या कंपनीचे जीवरक्षक आहेत, ते पाणी बघून झेंडे लावतात, हलवतात. सूचनांचा पत्र्याचा बोर्ड मात्र वर्षानुवर्षं तोच (आणि त्याच्यापुढे भेळेची गाडी).

आता खरी गोष्ट ती लाटा कमी असलेल्या जागेची. सगळीकडे लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा गप्प आहे, पाणी जरा गढूळ, फेस किनाऱ्याकडे यायच्या ऐवजी आत चाललाय, तर किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत समुद्रात जात असतं. याला रिप करंट म्हणतात. तो सेकंदाला दोन मीटरच्या वर गेलेला मोजलाय, म्हणजे त्याच्या उलट पोहून ऑलिम्पिकवाला पण परत येणार नाही, लोक नेमकं तेच करतात आणि दमून बुडतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं पोहायचं, ओढ संपली की मग तिरकं बाहेर, आणि पोहता येत नसेल तर पाठीवर पडून तरंगत राहायचं नि एक हात वर करून हलवायचा. बरं हे फक्त पावसाळ्यात घडतं असंही नाही, मुरूडला पुण्याच्या कॉलेजची 14 मुलं बुडून गेली ती 1 फेब्रुवारी 2016 ला, समुद्र शांत समजतो आपण त्या दिवसांत.

प्रश्न : आमच्या गावच्या किनाऱ्यावर खांबाला बुडणाऱ्याला फेकायची केशरी रिंग टांगलीय पण तिची दोरी कुणीतरी म्हैस बांधायला नेली. मला पोहता येत नाही, कुणी बुडताना दिसलं तर मी काय करू?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : दादा, म्हशीचं वाचून हसू आलं पण विषय हसण्यावारी न्यायचा नाही. पोहता येत नसताना उडी मारायची नाही म्हणजे नाहीच. आधी 112 ला फोन, आरडाओरडा करून माणसं गोळा करा, एकाला बुडणाऱ्यावरच नजर ठेवायला सांगा कारण लाटांत डोकं क्षणात दिसेनासं होतं. मग रिंग फेका. जहाजावरची रिंग 14.5 किलो लोखंड गोड्या पाण्यात 24 तास तरंगवेल अशी बनवतात, माणसाचं तर पाण्यात वजनच जेमतेम उरतं, त्यामुळे एक रिंग पुरते. फक्त ती अडीच किलोच्या पुढची असते, डोक्यात बसली तर उलटंच व्हायचं. दोरी असेल तर रिंग त्याच्या पलीकडे टाकून हळूहळू त्याच्याकडे ओढत आणायची, दोरीचं दुसरं टोक आधी पायाखाली दाबून ठेवायचं, नाहीतर रिंगेबरोबर तेही जातं. दोरी नसली तरी फेका, तरंगायला तर मिळेल. रिंगच नसेल तर झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन चालतो. आणि नवीन दोरीसाठी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आजच, तोंडी सांगून काही होत नाही, वर सरपंचांना म्हैस कुणाची ते पण सांगा.

प्रश्न : बनाना राइडला देतात ते लाइफ जॅकेट नीट आहे की नाही कसं ओळखायचं?
– कॉलेजकुमार, सांगली

उत्तर : सगळे बक्कल लावून मित्राला दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढायला सांग. हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे, पट्टे आवळ, तरी सरकत असेल तर लहान साइज माग. बक्कल तुटून सुतळीने बांधलेलं असेल तर पैसे परत घे आणि किनाऱ्यावर बसून भजी खा.