फिल्टर टाकला तरी लांबचा सिग्नल गायब का होतो?

प्रश्न: आमच्या व्हीएचएफ रिपीटरला (ऐकलेला सिग्नल त्याच वेळी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवणारा सेट) एकच अँटेना आहे, ट्रान्समीटर ५० वॅटचा, मधे ड्युप्लेक्सर (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसिव्हर वेगळे ठेवणारा फिल्टरसंच). जवळचे सेट मस्त चालतात पण लांबचा कमजोर सिग्नल असला की ट्रान्समीटर चालू होताच तो जातो आणि नुसती खरखर. रिसिव्हरच्या लाइनमधे अजून एक बँडपास फिल्टर टाकला, काडीचा फरक नाही. फिल्टर खराब असेल का?

उत्तर: फिल्टर बहुतेक चांगलाच आहे, बाजू चुकलीये. ५० वॅट म्हणजे +४७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत किती डेसिबल, ते माप) आणि चांगला रिसिव्हर −११६ च्या आसपासचं ऐकतो, म्हणजे १६३ डीबीचा फरक आणि दोघं एकाच अँटेनावर, त्यामुळे त्रास दोन वाटांनी होतो. एक, ट्रान्समीटरचा जोरदार सिग्नल रिसिव्हरमधे घुसून त्याला दाबून टाकतो, तो रिसिव्हरकडच्या फिल्टरने अडतो. दुसरं, ट्रान्समीटर आपल्या फ्रिक्वेन्सीच्या आजूबाजूला थोडा थोडा नॉइजही फेकत असतो आणि त्यातला काही बरोब्बर तुमच्या रिसिव्ह फ्रिक्वेन्सीवरच पडतो. आता तुमचा फिल्टर तर ती फ्रिक्वेन्सी आत सोडायलाच लावलाय ना, मग नॉइजही त्यातूनच येणार, असे चार लावा नाहीतर दहा. हा नॉइज ट्रान्समीटरच्या बाजूलाच मारावा लागतो, म्हणजे तिकडच्या कॅव्हिटीचा (ड्युप्लेक्सरमधला फिल्टरचा डबा) नॉच, म्हणजे ती जिथे सिग्नल अडवते ती जागा, रिसिव्ह फ्रिक्वेन्सीवर बसलेला पाहिजे.

पण कॅव्हिटीला हात लावायच्या आधी अँटेना काढून तिथे ५० ओमचा डमी लोड लावा आणि कपलरमधून (सिग्नलचा थोडासाच भाग लाइनमधे सोडणारा जोड) कमजोर सिग्नल देऊन बघा. त्रास गेला तर दोष वर आहे, अँटेना, फीडर, एखादा ढिला कनेक्टर नाहीतर गंजलेला जोड. तसाच राहिला तर आधी जंपर, म्हणजे मधल्या छोट्या जोडकेबल, बघा. साधी एका जाळीची आरजी-५८ असेल तर ती गळते, ड्युप्लेक्सर कितीही भारी असो, सिग्नल बाहेरून वळसा घालून पोचतो. आरजी-४०० किंवा आरजी-२१४ वापरा, दुहेरी शील्डच्या असतात, आणि अ‍ॅडाप्टरची माळ लावू नका. ड्युप्लेक्सरचे हाय आणि लो पोर्ट (वरच्या आणि खालच्या फ्रिक्वेन्सीची तोंडं) उलटे नाहीत ना तेही बघून घ्या.

प्रश्न: ड्युप्लेक्सरनंतर ५० चे ३५ वॅटच दिसतात. पॉवर मीटर बघत स्क्रू फिरवून वाढवू का?

उत्तर: नको, अजिबात नको! ३५ वॅट म्हणजे साधारण दीड डीबी लॉस, एवढा चालतो. मीटर फक्त ट्रान्समिट फ्रिक्वेन्सीवर काय होतंय ते सांगतो, नॉच बसलेला असतो दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर, तो हलला तर मीटरला पत्ताही लागत नाही, वॅट दोन वाढतील आणि रिसिव्हर मात्र बसेल. ट्यूनिंग व्हीएनएवरच (कोणत्या फ्रिक्वेन्सीला फिल्टर किती सोडतो-अडवतो ते दाखवणारं यंत्र) करा, मोकळ्या पोर्टला ५० ओमचं टर्मिनेशन लावून. छोट्या स्वस्त व्हीएनएला खोल नॉचचा तळ दिसत नाही, तो स्वतःच्या नॉइजमधे बुडतो, म्हणून शेवटचा हात सिग्नल जनरेटर आणि रिसिव्हर लावूनच फिरवा.