‘आधी सांग, इस्रायलला अस्तित्वाचा हक्क आहे की नाही?’

प्रश्न : ताई, गाझावरून माझा आणि माझ्या आतेभावाचा कायम वाद होतो. मी तिथे मरणाऱ्या मुलांचं काढलं की तो लगेच म्हणतो, ‘आधी सांग, इस्रायलला अस्तित्वाचा हक्क आहे की नाही?’ मी अडखळते आणि मूळ विषय राहूनच जातो. ह्याला उत्तर काय द्यायचं?

उत्तर : अडखळू नका, सरळ ‘हो’ म्हणा. त्या प्रश्नामागे खरी भीती आहे. १९४८ मध्ये इस्रायल जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या अरब देशांची सैन्यं चालून आली, ७ ऑक्टोबर २०२३ ला हमास ह्या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेच्या हल्ल्यात एका दिवसात सुमारे १२०० माणसं मारली गेली, त्यामुळे ‘आम्हाला जगू देणार का’ असं तिथल्या कुणी विचारलं तर ते मला अगदी कळतं.

पण हा शब्द जरा तपासून घ्या, कारण सगळी गडबड तिथेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ‘अस्तित्वाचा हक्क’ असे शब्दच नाहीत. दुसऱ्या देशाच्या भूभागावर किंवा स्वातंत्र्यावर बळाचा वापर करू नका असं आहे आणि लोकांच्या स्वयंनिर्णयाचं, म्हणजे आपलं भवितव्य आपणच ठरवण्याचं तत्त्व आहे, आणि ते आहे माणसांचं. सोव्हिएत युनियन १९९१ ला संपलं, चेकोस्लोव्हाकियाचे १९९३ ला दोन देश झाले, त्या देशांचा हक्क मारला गेला असं कुणी म्हणत नाही, पण तिथल्या माणसांना घरातून हाकललं असतं तर तो अन्यायच ठरला असता ना. म्हणून तुम्ही ‘हो, तिथल्या माणसांना सुरक्षित जगण्याचा हक्क आहे, त्यांच्या देशावर हल्ला करायचा कुणाला अधिकार नाही’ असं म्हणा आणि लगेच विचारा, पॅलेस्टिनी लोकांचं काय? हेच माप त्यांना लावणार का?

१९९३ मध्ये पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेचे (पीएलओ) नेते अराफत ह्यांनी इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान राबिन ह्यांना पत्र लिहून इस्रायलचा शांततेत आणि सुरक्षित राहण्याचा हक्क मान्य केला होता. उत्तरात राबिन ह्यांनी पीएलओला पॅलेस्टिनी लोकांची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली, पॅलेस्टिनी राष्ट्राला नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो आणि वादात तो कुणी काढतच नाही.

आता बगल देण्याबद्दल. देश राहावा की नाही हा एक प्रश्न, त्या देशाच्या सरकारने काय केलं हा दुसरा, आणि पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसरा मिटत नाही. भावाला उत्तर मिळाल्यावर तो मुलांच्या विषयावर परत येतो का ते बघा. आला तर त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. नाही आला, अजून एक फाटा फोडला, तर त्याला तो विषयच नकोय, आणि तसं त्याला शांतपणे सांगा, आवाज न चढवता.

एक मात्र तुमच्यासाठीही. त्याने ७ ऑक्टोबरचं काढलं की तुम्ही लगेच १९४८ वर जात असाल, तर तेही तेच झालं. १९४८ च्या सुमारास सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले हे खरं आहे, ते सांगायलाच हवं, पण आधी ७ ऑक्टोबरला मारल्या गेलेल्या माणसांबद्दल दोन वाक्यं नीट बोला, मग सांगा.