गरिबी हटली की स्त्री-पुरुष समानता आपोआप येत नाही का? आंतरराष्ट्रीय विकासात तिचा वेगळा आग्रह कशासाठी?

तुमचं म्हणणं असं दिसतं की रस्ते, पाणी, रोजगार आला की बायकांचंही भलं होतंच, मग समानता आणि न्यायाचं वेगळं तुणतुणं कशाला. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात दस्त लिहून देते, इकडं बाँड रायटर म्हणतात, त्यामुळे माझं उत्तर जमिनीच्या कागदांवरून येणार.

आधी थोडं मागचं. 1970 साली एस्टर बोसरप या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी दाखवून दिलं की आफ्रिकेत बऱ्याच भागांत शेती बायका करत होत्या, पण सुधारित अवजारं, प्रशिक्षण आणि नगदी पिकं गेली पुरुषांकडे. विकास आला आणि बायका होत्या त्याहून मागे पडल्या. तिथून हा आग्रह सुरू झाला. 1975 ला मेक्सिकोत पहिली जागतिक महिला परिषद, 1979 ला महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा करार, 1995 ला बीजिंगची महिला परिषद आणि 2015 च्या संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत पाचवं उद्दिष्ट स्त्री-पुरुष समानतेचं. त्यात जमिनीच्या मालकीचा उल्लेख सरळ आहे. भारताने 1979 चा करार 1993 ला मान्य केला, पण कुठल्याही समाजाच्या खासगी बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय हात घालणार नाही, अशी पुस्ती जोडून. खरी गोम तिथंच आहे, घराच्या आतल्या बाबींत.

बेळगावच्या आसपास जमीन नुसती पिकापुरती होती तोवर बहिणीच्या सहीची कुणाला फारशी पडलेली नव्हती. रिंगरोड, बायपास, प्लॉट असं सुरू झालं, गुंठ्याचा भाव चढला आणि हक्कसोडपत्रं, म्हणजे बहिणीने आपला हिस्सा सोडल्याचे दस्त, वाढली. भाऊ गाडी करून बहिणींना आणतो, हॉटेलात पुरी-भाजी खायला घालतो. दस्त कन्नडमध्ये असतो. बहिणी मराठी शाळेत शिकलेल्या, कुणी चौथी, कुणी सातवी. म्हणून सहीआधी मी तो मराठीत वाचून दाखवते (भावांना हे आवडत नाही, गिऱ्हाईकं तुटतात, तुटू देत). सीमेपलीकडे महाराष्ट्रात चंदगडकडे दिलेल्या एकीने मध्येच थांबवून विचारलं, "म्हणजे आक्का, उताऱ्यावर माझं नाव हाय व्हय?" वडील गेल्यावर वारसा लागला तेव्हाच ते चढलं होतं. तिला कळलं ते नाव कमी करायच्या दिवशी. तरी सही केलीच. "भावाशी वाकडं घेऊन पंचमीला कुठल्या तोंडानं येऊ?" म्हणाली.

कायद्याचीही अडचण राहिलेली नाही. कर्नाटकात हिंदू कुटुंबांत 1994 पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार आहे. त्याआधी लग्न झालेल्यांना तेव्हा वगळलं होतं, ती अट 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. त्या वेळी वडील हयात नसले तरी चालतं, हे सुप्रीम कोर्टाने 2020 ला सांगितलं. तरीही 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत, म्हणजे ज्यांच्या ताब्यात शेती चालते त्यांच्यात, बायका 14 टक्क्यांच्या आसपास.

रोजगाराचं म्हणाल तर निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत बायकांना रोजगार होताच. मजुरीसाठी आणि माणसासारखं वागवलं जावं म्हणून 1980 च्या आसपास त्यांना संघटना बांधूनच भांडावं लागलं.

पैसा आता थेट पोचतोय, हे खरं. इकडं 2023 पासून गृहलक्ष्मीचे महिन्याला 2000, वर शक्ती योजनेत बस फुकट. पलीकडे चंदगडात 2024 पासून लाडक्या बहिणीचे 1500. मी याची टिंगल करणार नाही. नवऱ्यापुढे हात न पसरता स्वतःचं औषध आणणाऱ्या बायका मला रोज दिसतात.

पण कर्जाची गंमत बघा. बाईच्या नावावर तारण ठेवायला जमीन नाही, म्हणून मायक्रोफायनान्सवाले, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्या, गटाची हमी घेतात. म्हणजे तारण काय, तर चारचौघींतली तिची अब्रू. हप्ता थकला की वसुलीवाला तिच्या दारात बसणार, पैसा नवऱ्याने बोअरवेलला घातला असला तरी. हा त्रास इतका वाढला की फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटक सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. बाईला कर्ज मिळालं, ही विकासाच्या अहवालात जमेची बाजू म्हणून लिहिली जाते. आमच्या गल्लीत ती जोखीम आहे, आणि ती एकट्या बाईच्या डोक्यावर आहे.

म्हणून आपोआप काही येत नाही, उलट भाव चढला की आहे तेही जातं. पडताळून बघायचं असेल तर तुमच्या भागातल्या एखाद्या भूसंपादनाची नुकसानभरपाईची यादी मिळवा आणि बायकांची नावं मोजा. त्यातून नवरा वारल्यावर लागलेली वेगळी काढा, मग मुलगी म्हणून किती उरतात ते इथं कळवा.