रजा संपते, पण शीण का संपत नाही?

प्रश्न : मी 43 वर्षांची असून गेली 17 वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे. सध्या तालुक्याच्या गावातील शाखेत काम करते. सकाळी साडेनऊला आत गेले की रात्री आठपर्यंत बाहेर पडता येत नाही आणि घरी आल्यावरही विभागीय कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘आज किती पॉलिसी झाल्या’ अशी विचारणा सुरूच असते. पीककर्जाचे नूतनीकरण करायला आलेल्या शेतकऱ्याच्या गळ्यात विम्याची पॉलिसी मारावी लागते, हे मला मनापासून पटत नाही. दिवाळीनंतर आठ दिवस रजा घेऊन आम्ही कोकणात गेलो. तिथे मी अक्षरशः झोपूनच होते. तरीही परतण्याच्या आदल्या दिवशी पोटात गोळा आला आणि कामावर रुजू झाल्यावर दोनच दिवसांत स्थिती मूळ पदावर आली. खरी गोष्ट पुढेच आहे. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. त्यांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नव्हते. चौथ्या वेळी मी त्यांच्यावर ओरडले. त्या काही बोलल्या नाहीत, कागद पिशवीत घालून निघून गेल्या. त्या रात्री मला वाईट वाटायला हवे होते, ते वाटले नाही, आणि याचीच मला भीती वाटते. घरचे म्हणतात, ‘बँकेतली नोकरी, एवढे काय त्यात?’ मला नैराश्य आले आहे का? नोकरी सोडावी का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातील कामाच्या तासांपेक्षा शेवटच्या काही ओळी मला अधिक महत्त्वाच्या वाटतात, कारण निदानाच्या दृष्टीने त्यांतच सर्वाधिक माहिती आहे. आपल्या भाषेत शीण आणि उबग हे दोन वेगळे शब्द आहेत व त्यांतला फरक इथे उपयोगी पडतो. शीण झोपेने उतरतो. उबग झोपेने उतरत नाही, कारण तो शरीराला नव्हे तर कामाशी असलेल्या नात्याला आलेला असतो. कोकणात तुम्ही आठ दिवस झोपलात, त्यात शीण उतरला असेल. उबग मात्र शाखेच्या दारात तुमची वाट पाहत उभा होता.

यालाच बर्नआउट म्हणतात. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करताना हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांमध्ये आणि स्वतःमध्येही ही अवस्था पाहिली आणि 1974 मध्ये तिच्यावर लेख लिहिला. हे सहकारी कामचुकार नव्हते. उलट झोकून देऊन काम करणारे होते. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये ही अवस्था मोजण्याची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात तीन गोष्टी तपासल्या जातात : भावनिकदृष्ट्या रिते होणे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांबद्दल कोरडेपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. आजींच्या प्रसंगात तुम्हाला काहीच वाटले नाही, हा यांतला दुसरा भाग आहे. तो स्वभावाचा दोष नव्हे. रोज शंभर माणसांच्या अडचणी ऐकून घेण्याची ताकद संपली की मन आपल्यापुरते दार लावून घेते. समोरचे माणूस मग माणूस न राहता रांगेतले एक प्रकरण होते. दूध तळाला लागते तेव्हा वरची साय पांढरीच दिसते, काहीतरी बिघडले हे वासावरून कळते. तुम्हाला वाटलेली भीती हा तो वास आहे, आणि तो तुम्हाला वेळेत आला हे बरे झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटचा समावेश केला, तो आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने ती उद्भवते, अशी तिची व्याख्या आहे. आजार म्हटला की उपचार फक्त रुग्णावर करायचे असतात. इथे अर्धे उपचार कामावरच करावे लागतात. कर्मचाऱ्यांसाठी एका शनिवारी प्राणायामाचे शिबिर भरवून सोमवारी लक्ष्य वाढवून देणाऱ्या संस्थांना हे कधी उमगणार, हा वेगळाच प्रश्न आहे.

आता नैराश्याविषयी. बर्नआउटची झळ सुरुवातीला कामापुरती मर्यादित असते : बँकेचे नाव काढले की पोटात गोळा येतो, पण बहिणीचा फोन आला की माणूस हसते. नैराश्यात सगळ्याचाच रंग उडतो. आवडता पदार्थ, मुलांचे बोलणे, सणवार, कशातच गोडी राहत नाही. स्वतःला सतत दोष दिला जातो आणि जगण्याचाच कंटाळा येतो. अशी स्थिती दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसभर टिकून असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटण्यात विलंब करू नये. या दोन अवस्थांमधली भिंत फारशी जाड नाही, पहिलीकडे दुर्लक्ष झाले की दुसरी येऊ शकते. म्हणून एका पत्रावरून मी तुम्हाला ‘नैराश्य नाही’ असे प्रमाणपत्र देणार नाही. प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. त्याच वेळी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 जीवनसत्त्वाच्या चाचण्याही करा, कारण चाळिशीनंतरच्या स्त्रियांचा थकवा मनावर ढकलून मोकळे होण्याची घाई घरचेच नव्हे, कधीकधी डॉक्टरही करतात.

तुमच्या तासांचा हिशेब मी मांडून पाहिला. दुसऱ्या व चौथ्या शनिवारची सुट्टी आणि जेवणाची वेळ वगळली, तरी आठवड्याला सरासरी 55 तास होतात, आणि त्यात रात्रीचा व्हॉट्सअॅप धरलेलाच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या 2021 मधील अभ्यासात आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक आढळला होता. ‘एवढे काय त्यात’ असे विचारणाऱ्यांना हे आकडे दाखवायला हरकत नाही.

तरीही केवळ तासांमुळे तुम्ही इथवर आलात, असे मला वाटत नाही. मनाला न पटणारे काम जबाबदारीने आणि हसतमुखाने करावे लागणे हे जास्त कामापेक्षाही लवकर माणसाला पोखरते. ज्या शेतकऱ्याला तुम्ही नावाने ओळखता, त्याला नको असलेली पॉलिसी विकून तुम्ही घरी जाता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नजरेला नजर देणे टाळता. अशा वेळी कोरडेपणा हे एक प्रकारचे चिलखत होते. ते चिलखत तुम्ही शेतकऱ्यासाठी चढवलेत आणि आजींसमोरही ते अंगावर राहिले.

यावर काय करता येईल? दोन आठवडे एका साध्या वहीत रोज कोणत्या कामाला किती वेळ गेला आणि त्यातले कोणते काम केल्यावर अंगातले त्राण गेले, एवढेच लिहा. मग शाखा व्यवस्थापकांसमोर तक्रार नव्हे, तर ती वही ठेवा आणि नेमके मागणे मागा : काउंटर आणि कर्जविभाग यांच्यात पाळीपाळीने बदल करावा, किंवा विम्याच्या विचारणेला दिवसाची एकच वेळ ठरवावी. ‘मला फार ताण आहे’ या वाक्यावर वरिष्ठांना काही करता येत नाही. ‘मंगळवारी मी सलग सहा तास काउंटरवर होते’ यावर करता येते. एकटीचे ऐकले जाणार नसेल, तर अधिकारी संघटनेकडे जा. रात्री साडेआठनंतर तो गट बंद ठेवा. कामाच्या वेळेनंतर संपर्क टाळण्याचा हक्क देणारे सुप्रिया सुळे यांचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले गेले असले, तरी त्याचा कायदा झालेला नाही, त्यामुळे ही रेघ सध्या आपली आपणच ओढावी लागते.

तुमच्या मनात कुठेतरी ‘मी नसले तर शाखा कशी चालेल’ हा विचार असणार, म्हणून तुमच्याच क्षेत्रातली एक गोष्ट आठवण करून देते. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या सूचनांनुसार संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान 10 कामकाजाच्या दिवसांची रजा देणे बँकांवर बंधनकारक आहे आणि त्या काळात त्यांना कामाशी संबंधित प्रणाली वापरता येत नाही. हेतू गैरव्यवहार उघडकीस आणण्याचा आहे, प्रकृतीचा नाही. पण गैरव्यवहार शोधण्यासाठी बँक एखाद्या माणसाला दहा दिवस पूर्ण दूर ठेवू शकते, तर तुमच्या हक्काच्या रजेत तुमचा फोनही शांत राहू शकतो.

नोकरी सोडण्याचा निर्णय मात्र आत्ता नको. या अवस्थेत माणसाला दोनच रस्ते दिसतात, सहन करणे किंवा पळणे. तीन महिने हे बदल करून पाहा, झोप सुधारू द्या, आणि मग दुसरी शाखा, दुसरा विभाग व राजीनामा हे तिन्ही पर्याय कागदावर शेजारी शेजारी मांडा.

आणि त्या आजी. बोटांचे ठसे न उमटणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांसाठी चेहऱ्यावरून ओळख पटवून हयातीचा दाखला देण्याची सोय 2021 पासून उपलब्ध आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. त्यांचा पत्ता शाखेत असणारच. त्यांना बोलावून घ्या, खुर्चीवर बसवा आणि ते काम स्वतः करून द्या. वाईट वाटण्याची वाट पाहत थांबू नका; ते मागाहून येईल.

प्रश्न : माझा मुलगा 27 वर्षांचा असून पुण्यातील एका आयटी कंपनीचे काम नाशिकला घरी बसूनच करतो. दिवसभर खोलीचे दार बंद असते, जेवायला हाक मारली तरी चिडतो आणि काही विचारले की ‘मला बर्नआउट झालाय’ म्हणतो. मी 35 वर्षे कारखान्यात तिन्ही पाळ्यांत काम केले, पण असले लाड आम्हाला माहीत नव्हते. हा आळस तर नव्हे?
– एक सेवानिवृत्त कामगार, नाशिक

उत्तर : काका, तुमचे कष्ट त्याच्यापेक्षा जास्त होते, यात मला शंका नाही. पण तुमच्या कारखान्यात भोंगा होता. पाळी संपली की यंत्र दुसऱ्याच्या हाती जात असे, तुम्ही हातपाय धुऊन सायकलवर बसत होता, आणि रस्त्यात चहाच्या टपरीवर साहेबाला चार शिव्या घालून मोकळे होत होता. तुमच्या मुलाला भोंगा नाही, सायकल नाही आणि टपरीही नाही. ज्या खोलीत तो काम करतो, तिथेच झोपतो; परदेशातील ग्राहकाचा दिवस सुरू होतो तेव्हा त्याची संध्याकाळ असते. आळशी माणसाला काम टाळल्यावर सुख वाटते. काम टाळूनही ज्याची चीड कमी होत नाही, त्याला आळशी म्हणता येत नाही.

तुम्ही त्याचा भोंगा व्हा. रोज एक ठरलेली वेळ धरून त्याला सोबत घेऊन बाहेर पडा आणि त्या फेरफटक्यात पगार, बढती, लग्न हे तीन विषय टाळा. शक्य असल्यास कामाचे टेबल झोपण्याच्या खोलीतून हलवा. तो रात्र रात्र जागा राहू लागला, दारूचे प्रमाण वाढले किंवा ‘नको हे जगणे’ अशी भाषा त्याच्या तोंडी आली, तर मात्र फेरफटक्यावर विसंबू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रीही उपलब्ध असते व तिथे मराठीत बोलता येते. तो स्वतः फोन करायला तयार नसेल, तर त्याच्याशी कसे वागावे हे विचारण्यासाठी तुम्ही करा.